दिवाणाचा पुढचा डावा पाय

कल्याणप्पा तेरला नदीकाठी बैलांना बुळकांडीची लस टोचत होता, तेव्हा धाराशिवच्या मोटारीचा कंडक्टर धापा टाकत आला आणि म्हणाला, "सलोत्रीसायेब, नळदुर्गाहून सांगावा हाय. तुमची मंडळी गेली."

"कुठं गेली?" कल्याणप्पानं विचारलं.

कंडक्टर टोपी काढून उभा राहिला. मग कल्याणप्पाला कळलं. त्यानं सुई स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि पुढचा बैल आणायला सांगितलं. अकरा जनावरं राहिली होती. ती सगळी टोचून झाल्यावरच तो मोटारीत बसला. लस एकदा कालवली की त्याच दिवशी संपवावी लागते, हे त्यानं शेजारच्या माणसाला वाटेत दोनदा सांगितलं. त्या माणसानं काही विचारलं नव्हतं.

घरी पोचला तेव्हा दिवस मावळत होता. शरणम्माला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला विभूती लावली होती, हातात इष्टलिंग दिलं होतं. पायाशी तिचा कुत्रा पसरला होता आणि येणारे-जाणारे त्याला ओलांडत होते.

"ह्याला बाहेर काढा," कल्याणप्पा घरात येऊन पहिलं वाक्य बोलला ते हे.

शेजारची दगडाबाई म्हणाली, "आप्पा, आक्काचा शेवटचा शब्द त्योच व्हता. दिवाणाला बगा म्हनावं, म्हनल्या."

कुत्र्याचं नाव दिवाण. मेलेल्या बाईनं नवऱ्यासाठी निरोप ठेवावा आणि तो कुत्र्याचा असावा, याचं कल्याणप्पाला हसूही आलं नाही.

कल्याणप्पा नळदुर्गच्या ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. डॉक्टर धाराशिवला बसत, महिन्यातून एकदा येत. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे तोच. निजामाच्या अमलात अशा माणसाला सलोत्री म्हणत. निजाम जाऊन दहा वर्षं झाली तरी लोक सलोत्रीच म्हणत होते. सव्वीस वर्षं त्यानं ढोरं बघितली आणि माणसाला ढोराइतकीही अक्कल नसते, असं त्याचं मत पक्कं झालं. कुणी बैलाच्या गळ्यात ताईत बांधून आणला की तो चारचौघांत विचारी, "ताईत बैलाला बांधलास. दावं तुला कोण बांधणार?" लोक हसत. ज्याचा बैल असे तोही हसे, आणि पुढच्या खेपेला काही सांगत नसे.

"सांगायचं कशाला?" कल्याणप्पा म्हणायचा. "जनावराला तोंड नसतं म्हणून तर मला डोळे आहेत. मालकानं दावं धरून गप उभं राहावं."

बायकोशीही तो असाच बोलत आला. मागल्या श्रावणात तिनं आळंदच्या वाटेनं आलेल्या धनगराकडून पश्मी जातीचं पिल्लू घेतलं. लांब तोंडाचं, कानांना आणि पायांना लांब केस. संक्रांतीपर्यंत ते वासराएवढं झालं. ओट्यावर पुढचे पाय टाकून दरबार भरवल्यासारखं बसायचं, म्हणून तिनं दिवाण नाव ठेवलं.

"दोन माणसांचं खातो. कामाचा काय आहे?"

"ऐकून घेतो की," शरणम्मा म्हणाली. "तेवढं बी काम घरात दुसरं कोन करतंय?"

तिच्या डाव्या कुशीत कळ यायची. संक्रांतीला ती म्हणाली, एकदा सोलापूरला दाखवून येऊ. शिवरात्रीला पुन्हा म्हणाली. कल्याणप्पा म्हणाला, "ओवा खा. टोचणी संपू दे, मग बघू." टोचणी चैत्रात तेरला संपली.

वैशाख सरता सरता दिवाण लंगडायला लागला. पुढचा डावा पाय. आधी जरा दबकत टाकायचा, मग टेकवेनाच. कल्याणप्पानं पंजा उलटा करून बघितला. नखं बघितली, बोटांच्या बेचक्यात काटा शोधला, खांदा दाबला. हात पायावरून खाली सरकला तसा कुत्रा वळला आणि त्यानं दात दाखवले. कल्याणप्पानं हात काढून घेतला.

"सांधेवात," तो म्हणाला, आणि खांद्याला टर्पेंटाइन चोळलं. पंधरा दिवस चोळलं. वासानं घरात बसवेना. कुत्रा होता तिथंच होता.

सडकेवरचा हॉटेलवाला बब्रुवान म्हणाला, "ट्रकनं उडवलं असंल, सलोत्रीसायेब. हैद्राबादचे डायवर लई माजल्यात."

"तुझा चहा पिऊन माणसं लंगडतात, ती पण ट्रकनंच उडवली का?"

बब्रुवान फडकं आपटून आत गेला. कुणी उपाय म्हणून पायाळू माणसाची लाथ सुचवली, कुणी गडावरच्या दर्ग्यात नेऊन आणायला सांगितलं. कल्याणप्पानं एकेकाला असं उत्तर दिलं की आषाढात त्याच्याशी कुत्र्याबद्दल बोलणारं गावात कुणी उरलं नाही. दगडाबाई तेवढी सकाळी ओट्यावर यायची, दिवाणाला अर्धी भाकरी घालायची आणि त्याच्या पायाकडं बघत उभी राहायची. तोंड उघडायची, मिटायची आणि निघून जायची. तिला काय कळतंय, असं म्हणून कल्याणप्पानं तिला कधी विचारलं नाही.

डॉक्टर गोपाळकृष्ण आले तेव्हा कुत्र्याची बरगडी दिसायला लागली होती. डॉक्टर वयानं कल्याणप्पाच्या निम्मे. कल्याणप्पानं दिवाणाला दवाखान्यात त्यांच्यापुढं आणलं, तरी खुर्चीतून उठले नाहीत. नाकाला रुमाल लावला.

"वास येतोय. हाडात पू झालाय. कधीपासून?"

"दोन महिने. साहेब, जरा हात लावून बघता का?"

"तू बघितलास ना? सांधेवात म्हणालास ना?" डॉक्टर हसले. "एवढं धिप्पाड कुत्रं तीन पायांवर किती दिवस ओढणार? गोळी घाला. पोलीस जमादाराला मी सांगून ठेवतो. पुढच्या खेपेला आलो की मला हे इथं दिसायला नको."

कल्याणप्पा कुत्र्याला घेऊन घरी आला. दिवाण ओट्यावर पसरला. हल्ली तो उजव्या पायावरच मान टाकायचा. जमादाराची बंदूक गंजकी होती, तिच्या एका गोळीत काम व्हायचं नाही, हे कल्याणप्पाला माहीत होतं. शरणम्मानं मागं ठेवलेलं मागणं एवढं एकच होतं, तेही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गडाखाली धोंडीबाच्या झोपडीवर गेला.

धोंडीबा ढोरांना डाग देणारा. लोखंड तापवून खांद्याला, फऱ्याला चटका द्यायचा. कल्याणप्पानं त्याला भर बाजारात खाटीक म्हटलं होतं, एकदा पोलिसांत द्यायची धमकीही दिली होती. म्हाताऱ्यानं उन्हात डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"कोन? सलोत्री? वाट चुकलाव का सायेब?"

"कुत्र्याला डाग द्यायचाय."

"काय म्हनलाव?"

"डाग. डाग द्यायचाय कुत्र्याला."

धोंडीबाला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. त्याला दुसऱ्यांदा ऐकायचं होतं.

तो आला. अंगणात गोवऱ्या पेटवल्या आणि त्यात लोखंड खुपसलं. कल्याणप्पानं आपल्या उपरण्यानं कुत्र्याचं तोंड बांधलं. डोकं मांडीवर घ्यायला दगडाबाईला बोलावलं, कारण दिवाण तिलाच घेऊ द्यायचा.

"आता दे," कल्याणप्पा म्हणाला.

"घाई कामून? आदी केसं काढाया पायजेत." धोंडीबानं पिशवीतून मेंढरांची कातर काढली. "केसावर डाग म्या देत न्हाय. आत काय हाय त्ये बोटाला कळाया पायजे. तुमच्यात सुईला कळत असंल."

कल्याणप्पानं कुत्र्याचे मागचे पाय धरले.

धोंडीबानं पाय पाण्यानं भिजवला. पंज्यापासून वर, उलट्या केसांनी कातर चालवली. केसांचे पुंजके पडत होते. गुडघ्याच्या खाली चार बोटांवर तो थांबला. बोट ठेवलं, पायाभोवती फिरवलं, पुन्हा फिरवलं. कुत्रा थरथरला.

"लोखंड काडा इस्तवातून," तो म्हणाला. "ह्याला डाग लागत न्हाय."

कल्याणप्पा वाकला. पायाभोवती एक खाच होती. कुऱ्हाडीनं फांदीला घ्यावी तशी, सगळीकडून सारखी. आत लाल मांस, पू, आणि मांसाच्या तळाला काळा दोरा.

धोंडीबानं दाभणानं दोरा उचलला आणि कातरीचं टोक घातलं. कुत्रा बांधल्या तोंडानं ओरडला, दगडाबाईच्या लुगड्यात मुतला. तिनं मान सोडली नाही. दोरा गाठीसकट बाहेर आला. सात पेडांचा, गाठीत एक कवडी.

धोंडीबानं तो कल्याणप्पाच्या हातावर ठेवला. "सव्वीस सालं सुई टोचली म्हनताव. बोट कदी लावलं न्हाय व्हय?"

कल्याणप्पानं दोरा उलटसुलट करून बघितला.

"आक्काचाच दोरा," दगडाबाई म्हणाली. "नजर लागू ने म्हून बांधायच्या. दर अवसेला जुना तोडून नवा. तुमी दौऱ्यावर असला की. त्या गेल्या आन् त्योच ऱ्हायला. कुत्रं आपलं वाढत गेलं."

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मग मला सांगितलं का नाहीस? दोन महिने कुत्रं तीन पायांवर आहे!"

"काय सांगू, आप्पा? दावं तुला कोन बांधनार, म्हनला असता." ती लुगडं पिळत उठली. "आन् मला वाटलं, तुमी बगितलाच असंल. डोळे हाईत की तुमाला."

धोंडीबानं चहा घेतला, लोखंड पाण्यात विझवून पिशवीत टाकलं. जाता जाता म्हणाला, "तसाच डाग दिला असता तर पाय हातात आला असता. म्हून केसं काडतो म्या."

दगडाबाईनं आत जाऊन देवाच्या कोनाड्यातलं विभूतीचं मडकं बाजूला केलं. मागं खिळ्याला काळे दोरे टांगले होते. नऊ. कल्याणप्पानं ते ओट्यावर एकाखाली एक मांडले. प्रत्येक दोरा आधीच्यापेक्षा बोटभर लांब होता.

"वर्साचे बारा एकदम वळले व्हते," दगडाबाई म्हणाली. "पुसातल्या अवसेला. कुत्रं वाढतंय, म्हनायच्या. मापानंच केलं पायजे."

कल्याणप्पा रोज लाल औषधाच्या पाण्यानं जखम धुवायचा. आता तो आधी केस बाजूला करून बघायचा. नवव्या दिवशी दिवाणानं पंजा टेकवला. श्रावण लागता लागता तो चार पायांवर सडकेपर्यंत जाऊन आला, जरासा लंगडत. ते लंगडणं आता जायचं नव्हतं.

डॉक्टर आले. कुत्रा बघून म्हणाले, "अरे, हे अजून आहे? काय निघालं मग?"

"दोरा होता, साहेब. पायात रुतलेला."

"दोरा? कुणी बांधला?"

"माझ्या बायकोनं."

डॉक्टर मोठ्यानं हसले. "एकेक अडाणी बायका! सलोत्रीच्या घरात ही तऱ्हा!"

चार महिन्यांपूर्वी हे कुणी म्हणायच्या आत कल्याणप्पाच म्हणाला असता.

"बांधायची ती," तो म्हणाला. "सोडायची पण तीच. बघितलं नाही ते मी."

डॉक्टरांनी विषय बदलला. कल्याणप्पानं सुया उकळायला ठेवल्या.

नऊ दोरे अजून कोनाड्यात आहेत. त्यानं ते बांधले नाहीत आणि टाकलेही नाहीत. कुणी पायाचं विचारलं तर जनावराला तोंड नसतं, म्हणून उशीर झाला, असं सांगता येतं. शरणम्माला तोंड होतं. तिनं संक्रांतीला सांगितलं होतं, शिवरात्रीला सांगितलं होतं. तिला सोलापूरला न्यायचं राहिलं.