आधी गूळ, मग पाणी

सत्तरी ओलांडली तरी माणसाला रांगेत उभं राहायची अक्कल येऊ नये, याचा बनुबाईंना संताप आला होता. श्रीगोंद्याच्या रस्त्याला, बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या पत्र्याखाली चारपाचशे माणूस जमलेलं, आणि बनुबाईंचे यजमान कोंडीराम बायाबापड्यांना कोपरानं सारत पार पुढं जाऊन बसलेले. तेही अनवाणी! पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती. साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण साखर उतरवणाऱ्या साखरहारी बाबांच्या मांडवात चपला चालत नव्हत्या, आणि कोंडीरामांना आता डॉक्टर चालत नव्हते. गेल्या गुरुवारपासून त्यांनी इन्सुलिनची सुई बंद केली होती आणि जिलेबी चालू.

"अवो, जिलबी कशी काय चालती?" बनुबाईंनी विचारलं होतं.

"अर्धी साखर उतरली न्हवं? तेवढी जागा रिकामी झाली!"



वस्तीवर नऊ घरं, त्यातल्या सहा घरांत साखरेचं दुखणं. पूर्वी हा आजार पेढीवर बसणाऱ्या शेटजीला व्हायचा. आता शेतावर मोटरसायकलनं जाणाऱ्यालाही होत होता. तेव्हा साखरहारी बाबांना गिऱ्हाइकाचा तुटवडा नव्हता.

बाबांच्या अंगात भगवी कफनी, कानाला माईक. "मधुमेह म्हणजे काय, माउली? मागच्या जन्मी चोरून खाल्लेलं गोड! ते या जन्मी रक्तात उगवतं! यंत्र परदेशाचं, पाणी हिमालयाचं, आणि श्रद्धा फक्त तुमची!"

रीत ठरलेली होती. बाबांनी दिलेला गुळाचा खडा मुठीत धरून मांडवाला पाच फेऱ्या मारायच्या. उन्हात गूळ पाघळायचा. मग तो परातीत टाकून बोट पुढं करायचं. श्रीमंत नावाचा चेला बोटाला टोचायचा, रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीला लावायचा आणि आकडा ओरडायचा. मग तांब्याच्या घंगाळात हात बुडवून "उतर साखरे, उतर" असा जप, पंच्याला हात पुसणं, आणि शेजारच्या बोटाला पुन्हा टोचणी. आकडा निम्म्यावर! कोंडीरामांचा पाचशे सहासष्टवरून दोनशे अठ्ठ्याण्णववर आला होता.

"यंत्र काय खोटं बोलतंय व्हय?" ते आठवडाभर विचारत होते. दुसरीतून शाळा सोडलेल्या बनुबाईंकडं उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसणं त्यांना मुळीच सोसत नसे.

उत्तर बुधवारी सापडलं, ते स्वयंपाकघरात. सून अश्विनी घरच्या यंत्रावर सासऱ्यांची साखर तपासत होती. तीनशे एक्केचाळीस. बनुबाई शेजारीच पोळ्यांसाठी गूळ चिरत होत्या. "माझी बी बघ," म्हणत त्यांनी ऐटीत बोट पुढं केलं.

चारशे सत्त्याऐंशी.

"मला? फेक ते यंत्र उकिरड्यावर!"

अश्विनी हसून लोटपोट. "आत्याबाई, हाताला गूळ लागलाय तुमच्या. रक्ताच्या थेंबात तोच मिसळला. साबणानं हात धुऊन या."

हात धुऊन, पुसून, पुन्हा टोचलं. एकशे चार.

बनुबाईंनी बोटाकडं पाहिलं, मग गुळाच्या ढेपेकडं. "अस्सं," एवढंच म्हणाल्या.

म्हणूनच आज त्या शेजारच्या कलाबाईला घेऊन रांगेत उभ्या होत्या. कलाबाईलाही साखर होती. तिची पाळी आली तशा बनुबाई मोठ्यानं म्हणाल्या, "बाबा, हिचे गुडघे दुखत्यात. आधी पानी आन् मागनं गूळ केला तर चालंल का?"

बाबांचं लक्ष मागं टेम्पोतून उतरणाऱ्या नव्या भक्तांकडं होतं. "भाव शुद्ध असला की आधी काय, मागून काय, माउली!" माईकवरून ते सगळ्या मांडवानं ऐकलं.

कलाबाईनं घंगाळात हात धुतले, पुसले. श्रीमंत ओरडला, "दोनशे बारा!" मग गुळाचा खडा मुठीत धरून ती लंगडत पाच फेऱ्या फिरली. शेजारचं बोट टोचलं. श्रीमंतानं आकडा पाहिला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज बसला.

"ओरड की रं!" बनुबाई म्हणाल्या.

"पाचशे... चौतीस."

"अगं बाई, माझी तर चढली!" कलाबाई किंचाळली.

"हिचं पाप मोठं आहे," बाबा घाईनं म्हणाले.

"मग तुमचं बगू," बनुबाई म्हणाल्या. "सकाळपासनं गूळ वाटताय, आना बोट!"

बाबांनी दोन्ही हात कफनीत घातले. "साधूचं रक्त काढू नये माउली, दुष्काळ पडतो."

मांडव खदाखदा हसला. बनुबाई गर्दीकडं वळल्या. "यंत्र बिचारं खरंच बोलतं. बोटावर गूळ असंल तर त्यो बी मोजतं. पयला आकडा गुळाचा, दुसरा तुमचा सोताचा. हिथं कुनाचं काय उतरलं न्हाई. ज्यानं त्यानं घरी साबणानं हात धुवा, मग मोजा, आन् डाक्टरला दावा. पटलं न्हाई तर आत्ताच उलटं करून बगा."

आणि लोकांनी खरंच उलटं करून बघायला सुरुवात केली. घंगाळाभोवती झुंबड उडाली. बाबांचा माईक बंद पडला, मग बाबाही दिसेनासे झाले.

पुढच्या सतरंजीवर कोंडीराम तेवढे उरले होते, आपल्या काळपट पडत चाललेल्या अंगठ्याकडं टक लावून. बनुबाईंनी त्यांच्या चपला समोर ठेवल्या.

"म्हंजे माझी उतरलीच न्हाई?" त्यांनी हळूच विचारलं.

"साखर रगतात हाय, बोटावर न्हाई," बनुबाई म्हणाल्या. "ती पान्यानं धुऊन निघत असती, तर म्या तुमाला कवाच दगडावर आपटून धुतलं असतं! चपला घाला. आधी दवाखाना, मग घर. आन् त्या रिकाम्या जागंत आता जिलबी न्हाई, सुई जायची."