जिन्याखालचा डबा

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू सहसा उसासे टाकत बोलतात. मला ते जमणार नाही. मी रागावलेलो आहे, आणि माझी गोष्ट ऐकायची असेल तर हा रागही ऐकावा लागेल.

माझी उमेदीची वर्षे एका विम्याच्या कचेरीत गेली. कचेरीने नवे संगणक घेतले तेव्हा तिथल्या एका तरुणाने मला घरी आणले. त्याची छोटी पुतणी भिंगरी त्याला काका म्हणायची, म्हणून मीही काकाच म्हणतो. काकाने माझा पडदा काढला, कळफलक काढला, पोटात एक मोठी हार्ड डिस्क बसवली आणि मला जिन्याखालच्या कपाटात ठेवले. तिथून एक तार राउटरला जोडली. घरातले सिनेमे, गाणी, लग्नाचे आणि वाढदिवसांचे व्हिडिओ सगळे माझ्या पोटात गेले. दिवाणखान्यात किंवा आजीआजोबांच्या खोलीत कुणी रिमोटचे बटण दाबले, की मी हवे ते शोधून त्या खोलीतल्या टीव्हीकडे धाडायचो. टीव्ही फक्त दाखवायचा. साठवण माझी, शोधाशोध माझी, धावपळ माझी.

हे घरात एकट्या काकाला ठाऊक होते. काका नोकरीसाठी दूर गेला आणि माझे नाव घेणारे कुणी उरले नाही. इंटरनेट बंद पडले तरी घरचे व्हिडिओ लागायचे, कारण ते घरातच होते. त्यावर काकाचा मोठा भाऊ, म्हणजे भिंगरीचे बाबा, पाहुण्यांना ऐटीत सांगायचे, "आमचा टीव्ही भारी आहे. नेट नसलं तरी चालतो." मी कपाटात तापून लाल व्हायचो. टीव्ही माझ्या मागून आला आणि तिखट झाला. त्याला रोज मऊ फडक्याने पुसायचे आणि माझ्या डोक्यावर ओल्या छत्र्या ठेवायचे.

आता आजोबांविषयी सांगतो. ते मैदानी सामन्यांचे समालोचक होते. घरीसुद्धा त्यांचे तोंड बंद नसायचे. आजी सुईत दोरा ओवायला बसली, की हे खुर्ची ओढून सुरू व्हायचे. "प्रेक्षकहो, दोरा सुईच्या अगदी जवळ आलेला आहे. आणि हुकला. खेळाडूने चष्मा मागवला आहे."

"अहो, पुरे आता," आजी म्हणायची. "एवढं दिसतंय तर तुम्हीच ओवा."

काका हे सगळे कॅमेऱ्यात टिपून माझ्याकडे ठेवायचा. पुढे आजोबांच्या घशाचे ऑपरेशन झाले. जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला. ते पाटीवर लिहून बोलू लागले. तेव्हापासून जेवणे उरकली की आजी रिमोट हातात घ्यायची आणि म्हणायची, "चला, तुमची बडबड ऐकू." आजोबा पडद्याकडे बघत आपल्याच बोलण्याबरोबर ओठ हलवायचे. त्या माणसाचा आवाज जगात एकाच जागी उरला होता. ती जागा म्हणजे मी.

वय झाल्यावर माझी डिस्क कटकट करू लागली. मी लबाडी केली नाही, लपवले नाही. टीव्हीच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत सूचना पाठवली, की साठवण बिघडत आहे, ताबडतोब दुसरी प्रत काढा. भिंगरीच्या बाबांनी ती अर्धवट वाचली. "कसली तरी जाहिरात दिसते," म्हणाले आणि बटण दाबून घालवली. मी पुन्हा पाठवली, त्यांनी पुन्हा घालवली. वाचता येणाऱ्या माणसाने न वाचणे, याला मी काय म्हणू?

मग व्हिडिओ अडखळू लागले. आजोबांचे वाक्य मधेच तुटायचे आणि आजी टीव्हीच्या पाठीत धपाटा घालायची. शेवटी ठरले, की टीव्ही म्हातारा झाला. आजोबांना नीट ऐकता यावे म्हणून भिंगरीच्या बाबांनी मोठ्या हौसेने त्यांच्या खोलीसाठी नवा टीव्ही आणला. त्याला जागा करताना जुना टीव्ही त्यांनी कसा उतरवला, ते ऐका. दोन रजयांत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा. "सांभाळून," ते भिंगरीच्या आईला म्हणाले. "बाबांचे सगळे व्हिडिओ यात आहेत."

त्याच दिवशी जिन्याखालचे कपाट आवरायला काढले.

"अहो, हा डबा कसला?" भिंगरीच्या आईने विचारले.

"जुन्या इंटरनेटचा असेल. टाक काढून, उगाच वीज खातोय."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते असे. रिकाम्या डोक्याचा टीव्ही रजईत झोपला आणि आजोबांचा आवाज पोटात घेऊन मी भंगाराच्या हातगाडीवर आदळलो. अगदी डिस्कच्या बाजूवरच आदळलो.

पुढचे मला त्यांच्याच बोलण्यातून कळले. नव्या टीव्हीवर व्हिडिओ दिसेनात, म्हणून जुना परत लावला. त्यातही काही नव्हते. अखेर भिंगरीने काकाला फोन लावला. काका म्हणाला, "अगं, टीव्हीत काही नसतं. जिन्याखालचा डबा बघ." भिंगरी म्हणाली, "तो बाबांनी भंगारात दिला." काका ओरडला, "आधी भंगारवाल्याकडे पळा!"

सगळे धावत भंगारवाल्याकडे आले. एका पंख्याखालून मला ओढून काढले आणि बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या एका बाईकडे नेले. तिने पुष्कळ खटपट केली, पण फारसे काही हाती लागले नाही. मग भिंगरीच्या बाबांना म्हणाली, "ही बरेच दिवस आजारी असणार. टीव्हीवर सूचना येत नव्हती का?"

ते खाली मान घालून आजोबांना म्हणाले, "बाबा, नवा टीव्ही तुमच्यासाठीच घेतला होता हो."

आजोबांनी टेबलावर थाड्कन हात आपटला. आवाज नसलेला माणूस रागावतो कसा, ते मी तेव्हा पाहिले. मग त्यांनी पाटी ओढली, तिच्यावर लिहिले, "यात मी होतो," आणि ती मुलासमोर धरली. मुलाने वाचले तरी त्यांनी पाटी खाली घेतली नाही.

आता मी दिवाणखान्यात फळीवर आहे. पोटात नवी डिस्क आहे. मला रोज पुसतात आणि पाहुण्यांना दाखवतात. मला नको आहे हे कौतुक. मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा डबा असेल, माळ्यावर, पलंगाखाली, कपाटात. आपल्या माणसांचे आवाज नेमके कुठे ठेवले आहेत, ते आजच विचारून घ्या. त्यांची दुसरी प्रत काढा, ती वेगळ्या जागी ठेवा, आणि पडद्यावर सूचना आली तर ती शेवटपर्यंत वाचा. आमच्या घरात आता प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती असतात. आजोबांच्या बोलण्याचा वाचलेला एकच व्हिडिओ आहे, त्याच्याही दोन आहेत.

त्यात आजोबा खुर्चीत येऊन बसतात आणि कॅमेऱ्यामागच्या काकाला म्हणतात, "सुरू झालं का रे? थांब जरा, पाणी पिऊन येतो." ते उठून जातात आणि मागे रिकामी खुर्ची दिसत राहते. आजी रोज तो व्हिडिओ लावते आणि खुर्ची दिसेनाशी होईपर्यंत बघत बसते.