शकुंतलाबाईंचा डावा हात

दसरा आटोपला आणि आमची सून दुर्गेश्वरी घरच्या कॉम्प्युटरवर ढोलकी बसवायला लागली. कॉम्प्युटर म्हणजे माझ्या मुलाचा जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी गेलेली, स्वतःचा आवाज कधीचाच बसलेला. त्यामुळे देवघराशेजारच्या टेबलावर तो वायर लावून कायमचा मुक्कामाला असतो.

ढोलकी कशासाठी, ते सांगते. मुर्री या आमच्या गावातल्या महिला भजन मंडळात शकुंतलाबाई ढोलकी वाजवायच्या. शेजारचंच घर. वयाने माझ्याहून मोठ्या, तोंडाने फटकळ, पण गाणारीचा ताल सुटला की त्यांची थाप तिला हाताला धरून परत आणायची. मागच्या वर्षी त्यांना लकवा मारून गेला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र सावरला नाही. तेव्हापासून त्या भजनाला येत नव्हत्या. बोलावलं की म्हणायच्या, "मी येऊन का करू? सतरंजी सांभाळू?"

कोजागिरीला दरवर्षी आमच्या अंगणात भजन असतं. दुर्गेश्वरी मला म्हणाली, "आई, ढोलकीची बारीक बाजू उजव्या हाताची आणि घुमणारी डाव्या हाताची, बरोबर ना? मग उजव्या हाताचं काम कॉम्प्युटरला देऊ. डाव्या हाताचं मावशी करतील, कीबोर्डवर."

मला त्यातलं कळलं नाही, पण पोरीची इच्छा चांगली होती. मी देवाला सांगून ठेवलं.

सॉफ्टवेअर उतरवायलाच दुपार गेली. मधे लाइट गेली, पुन्हा पहिल्यापासून. उतरलं तर म्हणे जागा कमी आहे. लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये हलवला, तेव्हा कुठे ते बसलं. पडद्यावर चौकोनांच्या रांगा दिसायला लागल्या. ज्या चौकोनाला टिचकी मारावी तो हिरवा व्हायचा, आणि एक रेघ सरकत सरकत हिरव्यावर आली की तिथे थाप पडायची. थाप शकुंतलाबाईंच्याच ढोलकीची. दुर्गेश्वरी त्यांच्या घरी जाऊन, डाव्या हाताने दोन्ही बाजूंवर एकेक ठोका मारायला लावून, मोबाइलमध्ये आवाज भरून आली होती.

आधी आवाजच येईना. मंडळाच्या स्पीकर बॉक्सची वायर ती लॅपटॉपच्या बाजूला खुपसत होती, पण पिन पूर्ण आत जात नव्हती. "भोक खराब झालं वाटतं," म्हणाली आणि बॉक्स ब्लूटूथवर जोडला. मग आला आवाज. अंगणापर्यंत घुमला. मंडळातली प्रेमिला भाजी घ्यायला निघाली होती, ती आत येऊन उभी राहिली.

"अरे वा, हे तं आपल्या आपणच वाजून राहिलं. आता बटन दाबलं का झालं. कोणाच्या मागं लागाची गरज नाही."

शकुंतलाबाई दारातच होत्या. दुर्गेश्वरीने त्यांना बोलावलं होतं. त्यांनी प्रेमिलाचं बोलणं ऐकलं. लुळा हात पदराखाली घेतला. त्यांचं ते गप्प राहणं मला लागलं. एरवी त्यांनी प्रेमिलाला असं सोडलं नसतं.

"मशीन फक्त उजवा हात आहे, मावशी," दुर्गेश्वरी घाईने म्हणाली. "डावा तुमचा. बसा ना."

त्या बसल्या. डाव्या हाताचं बोट एका बटनावर ठेवलं आणि दाबलं. थाप आली, पण दाबल्यानंतर. बांधावरून हाक मारावी आणि पलीकडून कोणीतरी सावकाश ओ द्यावी, तशी. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. मशीनचा उजवा हात पुढे निघून गेला आणि त्यांचा डावा मागे फरफटत राहिला.

"हे तं माह्या हातावानीच हाये," त्या म्हणाल्या. "सांगतलं का मंग आयकते."

दुर्गेश्वरीचा चेहरा पडला. तिने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काय काय नाही केलं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. बफर नावाचं काहीतरी कमी केलं. ती म्हणाली, कॉम्प्युटर आवाज आधी भरून घेतो आणि मग सोडतो, भांडं लहान केलं की लवकर सोडेल. सोडला, पण तरीही उशीर होताच. मग एका हिंदी व्हिडिओत तिला उत्तर सापडलं. तो माणूस सांगत होता, "ब्लूटूथ में देरी होगी ही होगी, तार लगाइए."

तार म्हणजे वायर. आणि वायरचं भोक तर खराब.

तिने लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या दुकानवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, दिवाळीच्या आधी हात लावणार नाही. कोजागिरी उद्यावर आली होती.

आमचे हे, म्हणजे केशोराव, शेतावरून आले होते. धान कापणीला आलं की ते पिकात शिरणाऱ्या रानडुकरांच्या मागे असतात, घरात कमी. चहा पिता पिता म्हणाले, "अवो, तं मशीनलेच वाजवू द्या. बाया गातीन तं खरं."

"मंग मी कायले पायजे?" शकुंतलाबाई म्हणाल्या. त्या शेवटचं म्हणून बघायला आल्या होत्या. "बरोबर हाये तुमचं, केशोराव. दुर्गेश्वरी, तू लय केलं वो माह्यासाठी. आता राहू दे. उद्या मी येत नाही. पायाले मुंग्या येतेत बसून."

पायाला मुंग्या येत नव्हत्या, हे मला माहीत होतं. त्या उद्या आल्या नाहीत तर मग पुढे कधीच येणार नाहीत, हेही माहीत होतं. पण मी बोलू शकत नव्हते. दिवेलागण झाली होती आणि माझ्या हातात माळ होती. लग्नाच्या वर्षापासून माझा नेम आहे, संध्याकाळी माळ हातात घेतली की ती पूर्ण होईपर्यंत तोंडातून नामाशिवाय शब्द काढायचा नाही. घरात कोणी आजारी असतानाही मी तो पाळला आहे. मी डोळे मिटून मणी ओढत होते आणि खरं सांगायचं तर नाम ओठांवर होतं, लक्ष मागे होतं.

दुर्गेश्वरीने शेवटचं म्हणून वायर पुन्हा खुपसून बघितली. नाही. तिने ती ओढून काढली आणि जागा नव्हती म्हणून देवघराच्या पाटाच्या कडेवर ठेवली. मी डोळे उघडले तेव्हा समईच्या उजेडात पिनेचं टोक समोर होतं. टोकाला लाल लागलेलं.

आधी वाटलं, पाटावरचं माझंच कुंकू. पण माझं कुंकू पाण्यातलं, कोरडं होऊन भुरभुरतं. हे चिकट होतं, काळपट लाल. तेलात कालवलेलं. आमच्या घरात तेलात कुंकू एकच माणूस कालवतो. दसऱ्याला अवजारांची पूजा असते तेव्हा आमचे हे कुंकू तेलात मळतात, मशीनवर वर्षभर टिकावं म्हणून. त्या दिवशी विळे झाले, फवारणीचा पंप झाला, मोटारसायकल झाली, माझी शिलाई मशीन झाली, मग हे कॉम्प्युटरकडे वळले. दुर्गेश्वरी मागून म्हणाली होती, "बाबा, पडद्यावर नको. बटनांवर पण नको." मग यांनी बाजूला लावलं होतं. यांचा अंगठा माझ्या दोन बोटांएवढा आहे. यांनी लावलं म्हणजे दाबून लावलं.

शकुंतलाबाई उठून चप्पल शोधत होत्या.

मी यांच्याकडे बघून हात केला. यांनी विचारलं, "का पायजे? पाणी?" मी मान हलवली. पिनेकडे बोट केलं. "समईत तेल?" नाही. "मांजर आलं का?"

"आईंना काहीतरी सांगायचं आहे," दुर्गेश्वरी म्हणाली.

"तं मंग सांगत काऊन नाही?"

"माळ आहे ना हातात, बाबा."

एक शब्द बोलले असते तर देव रागावला नसता, हे मला कळत होतं. पण शब्दाची गरजही नव्हती. माळ हातात घेतल्यावर मी आसनावरून कधी उठले नव्हते, पण उठायचं नाही असा काही नेम नव्हता. मी उठले. माळ मनगटाला गुंडाळली, जिथवर आले होते तो मणी चिमटीत धरून. दारात जाऊन शकुंतलाबाईंचा डावा हात धरला आणि त्यांना परत खुर्चीवर बसवलं. मग विझलेल्या उदबत्तीची काडी घेतली, तिच्या टोकाला वातीचा कापूस घट्ट पिळला. लॅपटॉप बंद करायची खूण दुर्गेश्वरीला केली. तो बंद झाल्यावर काडी त्या भोकात घालून हलकेच फिरवली.

कापूस लाल होऊन बाहेर आला.

दुर्गेश्वरीने कापसाकडे बघितलं, मग सासऱ्याकडे. सासरे खिडकीबाहेर बघायला लागले.

शकुंतलाबाईंनी शांतपणे विचारलं, "केशोराव, देव भोकात राहाते का जी?"

"हिनंच तं सांगतलं," हे म्हणाले, "पडद्यावर नको, बटनावर नको. मंग कुठं लावू? माणसानं पूजा कराची का नाही?"

मी चार वेळा कापूस बदलला. शेवटचा पांढरा निघाला, तेव्हा बाजूला झाले. दुर्गेश्वरीने लॅपटॉप सुरू केला, ब्लूटूथ बंद केलं आणि वायर घातली. या वेळी पिन टक करून आत बसली. पडद्यावर काहीतरी उमटलं आणि ती नुसती हसली.

"मावशी."

शकुंतलाबाईंनी लगेच हात उचलला नाही. बटनाकडे बघत राहिल्या. मी परत आसनावर बसले होते, पण मणी ओढायचं थांबलं होतं.

त्यांनी दाबलं.

थाप बोटाखालीच होती. दाबणं आणि वाजणं यात काही उरलं नव्हतं. त्यांनी पुन्हा दाबलं, मग दोन लागोपाठ, मग जरा थांबून एक भारी. दुर्गेश्वरीने मशीनचा उजवा हात सुरू केला. पहिल्या फेरीत त्या फक्त ऐकत होत्या. दुसऱ्या फेरीत त्यांचा डावा हात मधे शिरला. बारीक बाजू, घुमणारी बाजू, बारीक, घुमणारी. आमच्या घरात वर्षभरानंतर त्यांची ढोलकी वाजत होती. पदराखालचा लुळा हात कधी मांडीवर आला त्यांना कळलंच नाही.

एका जागी त्या थांबल्या. मला वाटलं, पुन्हा काही बिघडलं.

"दुर्गेश्वरी, तुह्या मशीनले थोडं हळू कर. भजन हाये, वरात नाही."

दुर्गेश्वरीने ताल हळू केला.

मी डोळे मिटले आणि उरलेले मणी त्यांच्या तालावर ओढले. असं लक्ष माझ्या जपात फार दिवसांत लागलं नव्हतं. मेरुमणी आला, माळ डोळ्यांना लावली आणि पहिल्यांदा तोंड उघडलं ते यांच्यासाठी.

"पुढच्या दसऱ्याला तुम्ही कॉम्प्युटरला नुसतं फूल वाहा. कुंकू मी लावीन."

"बरं," हे म्हणाले. एवढ्या लवकर ते कधी बरं म्हणत नाहीत.

शकुंतलाबाई निघताना दारात वळल्या. मला वाटलं, प्रेमिलासाठी काही टोमणा असेल, पण त्या माझ्याकडेच बघून बोलल्या.

"उद्याच्या दुधात साखर बेतानं टाकजो वो. मागच्या साली लय गोड केलतं म्हणे. मी नवती ना सांगाले."