बसायची प्रॅक्टिस

रूपा तुंगार्लीचा चढ सगळ्यांच्या आधी चढून आली आणि बाकीच्या मुलींच्या रिकाम्या बाटल्या गोळा करू लागली. तिच्या छातीला पट्टा बांधलेला होता. त्या पट्ट्यातून तिच्या हृदयाचे ठोके प्रशिक्षक आसावरी मॅडमच्या मोबाइलवर उमटत होते आणि खाली यायचं नाव घेत नव्हते.

"रूपा, बस."

रूपा बसली. बसल्या बसल्या शेजारच्या मुलीच्या बुटाची नाडी बांधू लागली.

राज्याच्या शिबिरासाठी तळेगावला निवड होती. तिथे नुसतं पळून भागणार नव्हतं. जीव जाईस्तोवर धावल्यावर एक मिनिट शांत बसायचं; तेवढ्यात ठोके जितक्या झपाट्याने उतरतील तितके गुण. पळण्यात रूपाला जोड नव्हती. बसण्यात ती सपशेल नापास होती. घरी कधी बसतेस, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा तिने बराच विचार केला आणि जेवताना, असं सांगितलं.

शेवटी मॅडम वाडीवर गेल्या. रूपाच्या आईला, सावित्राबाईंना, त्यांनी समजावलं की पोरीचं हृदय उत्तम आहे, त्याला फक्त विश्रांतीची सवय नाही. पळून आली की थोडा वेळ तिला काहीही करू देऊ नका. सावित्राबाईंनी हे सगळं उभ्यानेच, सुपात तांदूळ पाखडता पाखडता ऐकून घेतलं.

"काईच न्हाई? भांडीबी न्हाई?"

"भांडीही नाहीत."

"मंग तिनं करायचं काय?"

"बसायचं."

सावित्राबाईंनी मॅडमकडे जरा काळजीने पाहिलं. बाई दिसायला तर शहाणी दिसत होती.

पण निवडीसाठी लागतं म्हटल्यावर त्यांनी ते काम अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून रूपा पळून आली की अंगणात पोतं अंथरलं जाई. शेळ्या पलीकडे हाकलल्या जात. कोंबड्यांनाही समज दिली जाई. रूपाच्या बापाने, कोंडूने, बसण्यातला आपला जुना अनुभव पोरीच्या कामी येईल असं सुचवून पाहिलं. त्याला लाकडं आणायला पाठवण्यात आलं. शेजारच्या कस्तुराबाईने कुडावरून डोकावून, पोरगी आजारी हाय का, म्हणून विचारलं.

"आजारी कशापायी? बसाया शिकतीया," सावित्राबाई म्हणाल्या. "राज्याला जायचंय."

आवाज असा, की जणू वाडीत आजवर कोणी बसलंच नव्हतं.

आई घरामागे गेलेली असली की रूपाला बसणं छान जमे. आई हंडा घेऊन समोरून गेली की पोतं टोचायला लागे.

निवडीच्या दिवशी सावित्राबाई ठेवणीतली साडी नेसून तळेगावच्या मैदानावर आल्या. रूपा धावली. पहिलं कोण येणार, याबद्दल कोणाला शंका उरली नाही. मग तिला खुर्चीवर बसवलं. परीक्षकांच्या मोबाइलवरचा आकडा थोडा उतरला आणि तिथेच अडला.

रूपा दोरीपलीकडे पाहत होती. तिथे आई उभी होती. एका हातात रूपाची पिशवी, दुसऱ्यात चपला, काखेत पाण्याची बाटली. रूपाच्या टाचा उचलल्या गेल्या, उठायच्या आधी उचलतात तशा. मागे उभ्या असलेल्या आसावरी मॅडमनी डोळे मिटून घेतले.

सावित्राबाईंनी पोरीच्या टाचांकडे पाहिलं. मग हातातलं सगळं खाली ठेवलं आणि भर मैदानात, लोकांच्या पायांत, त्यांनी फतकल मारली. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. रिकामे.

दिवसाउजेडी आईचे हात असे रूपाने कधी पाहिले नव्हते. ती बघत राहिली. टाचा टेकल्या. आकडा घाटात ब्रेक सुटल्यासारखा खाली आला.

परीक्षकांनी पट्टा बिघडला नसल्याची दोनदा खात्री करून घेतली आणि रूपाचं नाव पुकारलं. मॅडमनी शेजारच्या अनोळखी माणसाला टाळी दिली.

रूपा पळतच दोरीपाशी आली. पिशवी तिने खांद्याला लावली, चपला उचलल्या.

"आये, घेतलं मला. चल."

सावित्राबाई हलल्या नाहीत. माणसं त्यांना वळसा घालून जात होती. त्यांनी छातीवर हात ठेवला, क्षणभर थांबल्या आणि परीक्षकांइतक्याच गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या,

"तू हो फुडं. माजं अजून उतरतंय."