जप्तीतला पाय

खंडेनवमीला सोलापूरच्या शुक्रवार पेठेत शिवलिंगप्पा सुतारानं पाटावर वाकस, करवत, रंधा मांडला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. त्याच ओळीत एक पायही मांडला. बाभळीचा, गुडघ्याखालचा, वर चामड्याचा पट्टा आणि पितळी बक्कल.

पाय कोंडीबाचा. त्याचा खरा पाय गेल्या साली अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या पट्ट्यात गेला. मालकानं भरपाई म्हणून दोन चादरी दिल्या, त्यातली एक विणताना बिघडलेली. आता मालकाचा निरोप होता : कोजागिरीला दोन पायांवर उभा दिसलास तर माग तुझा, न्हायतर दुसरा माणूस तयार हाय. म्हणून कोंडीबाच म्हणाला होता, "अप्पा, माजं पोट ह्याच्यावर. ह्यालाबी पूजेत ठिवा की."

एवढ्यात विक्रीकराचे इन्स्पेक्टर कुंडलिकराव प्रसादाला आले. प्रसाद खाताखाता त्यांनी सवयीनं बिलबुक ओढलं. 'लाकडी पाय, एक. कृत्रिम अवयव. कर माफ.' त्यांनी बिल वाचलं, पाटाकडे बघितलं, आणि त्यांचं चावणं थांबलं.

"पायाला हळदकुंकू कोण लावतं, शिवलिंगप्पा? हत्याराला लावतात. हे हत्यार आहे. मागाचा सुटा भाग माफीत घुसवलास."

शिवलिंगप्पानं बसवेश्वराची शपथ घेतली. कोंडीबानं शपथ घेतली नाही. त्यानं पाय उचलला, चढवला, बक्कल आवळलं आणि कुंकवाची टाचच साहेबांपुढं केली. हा पाय हाय का न्हाय, आता बघा.

कुंडलिकरावांनी बघितलं. काडी पेटवली, लाख वितळवली आणि बक्कलावरच सील ठोकलं. मग छापील कागद वाचून दाखवला : जप्त माल जागेवरून हलवू नये, सील तोडू नये. उरलेला पेढा खिशात टाकून ते गेले.

माल जागेवरून हलवायचा नाही. मालाच्या वर कोंडीबा. म्हणजे कोंडीबानंही हलायचं नाही. दसऱ्याच्या दिवशी अख्खं सोलापूर आपट्याची पानं वाटत फिरलं आणि कोंडीबा भुशात बसून राहिला. बायको वच्छला भाकरी घेऊन आली. तिनं सरकारच्या सात पिढ्या काढल्या, मग नवऱ्याच्याही. तुमाला पूजा घालायची हौस लई, म्हणाली. पट्ट्याखाली मांडी सुजत चालली होती.

एकादशीला मात्र कोंडीबा उठला आणि माल घेऊन थेट कचेरीत गेला. कचेरी दुसऱ्या मजल्यावर. अठ्ठावीस पायऱ्या. अपंगांच्या मालाला माफी देणारं टेबल सरकारनं तिथं ठेवलं होतं, बहुतेक अपंगांची गर्दी होऊ नये म्हणून.

मोठ्या साहेबांनी आधी माल विनापरवाना हलवल्याची नोंद केली. मग चालून दाखव म्हणाले. कोंडीबा चालला. दात आवळून, टेबलापासून खिडकीपर्यंत आणि परत. साहेबांनी लिहिलं : 'इसम व्यवस्थित चालतो. माफी अपंगांसाठी आहे.'

कोंडीबानं ते वाचायला लावलं, दोनदा. मग तो खुर्चीत बसला, पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड टेबलावरून उचललं आणि बक्कलाला हात न लावता पट्टा कराकरा कापला. खाली कातडी सोलवटून रक्त आलं होतं. त्यानं पाय उचलला आणि फायलींवर आदळला. कुंकू साहेबांच्या शेऱ्यावर सांडलं.

"सील शाबूत हाय. माल सरकारजमा. आता मला घरी पोचवा."

साहेब म्हणाले, हा कचेरीचा विषय नाही. कोंडीबा म्हणाला, मग बसतो. आणि बसला. साडेपाचला शिपाई कुलूप घेऊन आला तरी बसलेलाच. आत माणूस ठेवून कुलूप लावायचा नियम सापडेना. साहेबांनी कुंडलिकरावांना बोलावलं. जप्ती तुमची, ओझंही तुमचंच.

कुंडलिकरावांनी कोंडीबाला पाठुंगळी घेतलं. पहिल्या सहा पायऱ्या ते नियम पुटपुटत उतरले. दहाव्या पायरीवर टोपी पडली. चौदाव्या पायरीवर ते कठड्याला टेकले, आणि खाली कोंडीबाच्या घरापर्यंतचा रस्ता दिसला.

"साहेब!" ते जिन्यातून ओरडले. "हा पायच आहे!"

वरून आवाज आला, लेखी द्या.

कुंडलिकरावांनी भिंतीला कागद टेकवून, पाठीवर कोंडीबा तसाच ठेवून लेखी दिलं. कोंडीबानं मानेवरून वाकून प्रत्येक ओळ तपासली आणि सुजलेली मांडी मुद्दाम त्यांच्या बरगडीत दाबून धरली.

लेखी मिळाल्यावर साहेबांनी सील काढून पाय परत दिला, शिवलिंगप्पानं त्याला नवा पट्टा शिवला. कोजागिरीच्या पाळीला कोंडीबा मागावर उभा होता, जखमेवर हळद दाबून. मालक येऊन दोन्ही पाय बघून गेला. दुसरा माणूस त्यानं थोड्या कमी मजुरीत ठरवला होता, तो परत पाठवावा लागला, एवढंच त्याचं नुकसान झालं.

माफीचा हुकूम पोस्टानं आला, चार महिन्यांनी. खाली अट होती : सदर पाय यापुढे हत्यारांच्या पूजेत मांडू नये.

पुढच्या खंडेनवमीला कोंडीबा सुताराकडे आला. पाटावर आधी हुकूम अंथरला, घडी नीट उलगडून, शिक्का वर करून. मग पाय काढला आणि त्यावर ठेवला.