जुन्या यादीतले लंगोट

लेकीचा घटस्फोट झाला तेव्हा नात आठ महिन्यांची होती. तेव्हाच्या खर्चाची यादी करून कोर्टाने पोटगी ठरवली. आता नात दहा वर्षांची झाली आणि पोहण्याच्या संघात तिची निवड झाली. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत संघाला होकार कळवायचा होता, पण पोटगी वाढल्याशिवाय फी लेकीला झेपणार नव्हती.

कोर्टातल्या समुपदेशक बाईंच्या खोलीबाहेर नातीने जुनी यादी वाचली आणि खो खो हसत सुटली.

"आजोबा, मी अजून लंगोट घालते?"

"मग नवी यादी तूच कर. आधी गरजा लिही, आकडे नंतर."

तिने जीभ बाहेर काढून लिहिलं : चष्मा, बसचा पास, बूट, पोहण्याची फी.

यादी घेऊन मी आणि लेक आत गेलो. नातीचे बाबा समोर बसले होते. रक्कम वाढवायचा विषय निघाला की ते उठून जायचे. लेकीने माझा हात घट्ट धरला. त्यांनी यादी दोनदा वाचली.

"दातांची तार राहिली," ते म्हणाले. "माझ्याकडे आली होती तेव्हा सफरचंद एकाच बाजूने चावत होती."

त्यांनी स्वतः ती ओळ लिहिली आणि आकडे मांडले. वाढीव रकमेच्या अर्जावर दोघांनी सह्या केल्या. "आता न्यायाधीशांची मंजुरी तेवढी राहिली," बाई म्हणाल्या.

एवढ्यात नात दार ढकलून आत घुसली.

"झालं का? पाचला दहा मिनिटं कमी आहेत!"

बाबांनी फोन तिच्या हातात कोंबला. "लाव लवकर! पहिली फी बाबा आजच भरतोय म्हणून सांग!"