दोन खिळे राहिले

खर्र, खर्र, खर्र. करवतीचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. माझाच दांडा कापला जात होता.

मी एक हातोडा. आधी सुताराकडे होतो. त्याची मुलगी प्राथमिक शाळेत शिकवायची. एक दिवस तिने मला मागून घेतलं, पायाखाली दाबून धरलं आणि माझा दांडा निम्म्यावर आणला.

"अगं बये," सुतार म्हणाला, "आता हा कुणाच्या कामाचा?"

"नऊ वर्षांच्या हाताच्या कामाचा, बाबा."

कापलेलं टोक सुताराने स्वतः घासून गुळगुळीत केलं. पोरांना कुसळ नको लागायला, एवढंच पुटपुटला.

असा मी चौथीच्या वर्गात आलो. आठवड्यातून एकदा वस्तू बनवायचा तास असे. बाईंची एक रीत होती. वस्तू कुणासाठी, हे सांगितल्याशिवाय मला हात लावायचा नाही. "त्यांचं काय अडतंय? जाऊन विचारलंत का?" मग आधी पुठ्ठ्याची वस्तू आणि ती जमली तरच लाकडाची. पट्टी वाचता येत नसेल त्याने सुतळी घ्यायची. या टोकाला गाठ, त्या टोकाला गाठ.

"अंदाज चुकतो, गाठ चुकत नाही," बाई म्हणायच्या.

त्या वर्गात एक काडीसारखी मुलगी होती. सगळे तिला टाचणी म्हणत. ती म्हणाली, स्टूल करायचं, मावशींसाठी. मावशी शाळेची घंटा द्यायच्या. घंटा टांगणारा कुणी ताडमाड असावा, आणि मावशी जेमतेम खिडकीएवढ्या. रोज बादली उलटी घालून तिच्यावर चढायच्या.

"मावशी, आम्ही स्टूल केलं तर चढाल?"

"चढेन की. पण मोडलं तर रोजची घंटा तुम्ही द्यायची."

पुठ्ठ्याची तीन स्टुलं झाली. चौथ्या खेपेला लाकूड आलं. पाय नुसते बांधून स्टूल घंटेखाली ठेवलं तर ते डुगडुगलं. टाचणी पोटावर झोपून बघत राहिली. एका कोपऱ्यातली फरशी खचलेली होती. मग चौथा पाय नव्याने, दोन बोटं जास्त लांब कापला. तीन पाय मी ठोकून बसवले. चौथ्याचे दोन खिळे राहिले.

त्याच तासाला ते झालं. खिळा धरणारा मुलगा शेजाऱ्याला काहीतरी रंगवून सांगत होता आणि मी त्याच्या अंगठ्यावर पडलो. नख काळंनिळं झालं. "माझंच लक्ष नव्हतं," तो ज्याला त्याला सांगत होता. पण त्याचे वडील शाळेत आले आणि मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हे. त्या मुलाच्या अंगठ्यावर बर्फ धरून तेच बसले होते.

"उद्या कुणाचं बोट गेलं तर मी कुणाला तोंड दाखवू?" ते म्हणाले. मी, करवत, खिळे, सगळं त्यांनी काचेच्या कपाटात घातलं. घाईत स्टूल आणि तो सुटा पायही आत आला. कुलूप लागलं. किल्ली त्यांच्या खिशात गेली.

"सर, दोनच खिळे राहिलेत. मी ठोकते," बाई म्हणाल्या.

"बघू."

"सर, मावशी अजून बादलीवर..."

"बाई, बघू म्हटलं ना."

आता तासाला मुलं कपाटासमोर बसून माझं चित्र काढतात. एकाने माझा दांडा पुस्तकातल्यासारखा लांब काढला. दुसऱ्याने विचारलं, "बाई, हा खरा आहे की नुसता ठेवायचा?" बाईंनी त्याला रंग भरायला सांगितलं. काच बाहेरून रोज पुसतात. आत माझ्या तोंडाला गंज धरतोय.

इथून घंटा दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. आधी बादली फरशीवर घासते. मग मी जीव मुठीत धरतो. मग घंटा होते. मागच्या आठवड्यात बादली घासली आणि घंटेऐवजी धप्प आवाज आला. घंटा बऱ्याच वेळाने झाली, तीही हळू. दुसऱ्या दिवशी मावशी कोपराला पट्टी बांधून कपाट पुसायला आल्या.

"मावशी, कसं लागलं?" मुलांनी विचारलं.

"बादलीला विचारा."

त्या अंगठ्याला मी लागलो, हे मी नाकारत नाही. पण इथे बसून मी कुणाचं बोट वाचवत नाही, आणि कोपरही. तुमच्या घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाताला बसेल असा हातोडा त्याला द्या. जवळ उभे राहा. बोलत असेल तर थांबवा. मग ठोकू द्या.

काल चौथीचा शेवटचा दिवस होता. पुढच्या वर्षी टाचणी मोठ्या शाळेत जाणार. सगळे गेल्यावर ती आली आणि काचेला नाक लावून उभी राहिली. कुलूप तिने एकदाच ओढून पाहिलं. मग खिशातून सुतळी काढली. सुटा पाय काचेला टेकून उभा होता. तिने सुतळी बाहेरून त्याच्यावर धरली. खाली गाठ, वर गाठ. मग बाकीच्या पायांची मापं, मग स्टुलाच्या फळीची लांबी, रुंदी.

मला वाटलं, झालं. पण ती वाकली. मी कपाटाच्या खालच्या फळीवर काचेलगत आडवा पडलोय. तिने माझ्या आखूड दांड्यावर सुतळी धरली, या टोकाला एक गाठ मारली, त्या टोकाला एक.

सुतळी गुंडाळून तिने खिशात टाकली आणि निघून गेली.